एएन-३२: शेपटीकडून पाहिलेलं विमान

विमानाबद्दल लिहिणारे बहुतेक जण कॉकपिटपासून सुरुवात करतात. माझा एएन-३२ या हवाई दलाच्या मालवाहू विमानाशी संबंध आला तो मागच्या दारातून, म्हणून मी तिथूनच सांगतो. मी लष्कराच्या एएससीत (आर्मी सर्व्हिस कोअर) होतो, हवाई रसद पोचवणाऱ्या तुकडीत. विमान हवाई दलाचं, पायलट हवाई दलाचे, पण त्यातून माल खाली सोडणारे आम्ही. आम्हाला इजेक्शन क्रू म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम ढकलाढकलीचं.

तर मागचं दार. एएन-३२ चा रॅम्प दोन तऱ्हेने उघडतो. एक म्हणजे साधा उतार होऊन जमिनीला टेकतो, जीप किंवा हातगाडी सरळ आत. दुसरी तऱ्हा खरी कामाची: अख्खा रॅम्प खाली सरकून विमानाच्या पोटाखाली जातो आणि मागची बाजू मोकळी होते. जमिनीवर असताना ट्रक उलटा घेऊन थेट फरशीला भिडवता येतो, पोती वरच्या वर आत जातात. आत छताला मालाची क्रेन आहे, फरशीवर कन्व्हेयर आहे. माल चढवणाऱ्याची पाठ कशाने जाते हे ज्याला ठाऊक होतं अशा माणसाने हे मागचं टोक आखलं असणार.

हवेत तेच दार वेगळं वाटतं. डीझेड, म्हणजे माल टाकायची जागा, जवळ आली की रॅम्प सरकतो, आणि आतापर्यंत नुसता आवाज होता तिथे वारा येतो. डिसेंबरात दरीतला तो वारा हातमोज्यातून हाडापर्यंत पोचतो. तुम्ही कमरेच्या पट्ट्याने विमानाला बांधलेले, लोड, म्हणजे मालाचे बांधलेले गठ्ठे, रांगेत उभे, प्रत्येकाच्या पॅराशूटची दोरी वरच्या तारेला अडकवलेली. लाल दिवा. पायलट नाक किंचित वर घेतो. हिरवा दिवा लागला, घंटा वाजली की शेवटचा बंद सोडायचा आणि ढकलायचं. पहिला लोड जोर लावून जातो, पुढचे उताराने आपणच पळतात, तेव्हा पाय सांभाळायचे. दरी अरुंद असली तर एका फेरीत मोजकेच लोड जातात. मग वळसा घालून पुन्हा. खाली पीठ, रॉकेल, औषधं यांची वाट बघणारी माणसं असतात आणि तुमचा लोड दोन सेकंद उशिरा गेला तर त्यांना तो नाल्यातून उपसावा लागतो. या कामाला एएन-३२ ला मी पैकीच्या पैकी देतो. हळू उडतं, वळतं, आणि मागून नजर मोकळी मिळते.

हे विमान दिसायला बेढब आहे. दोन्ही इंजिनं पंखांच्या वर बसवलेली, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाईसारखी. पण त्याला कारण आहे. आधीच्या एएन-२६ मध्ये प्रत्येक इंजिन २८२० अश्वशक्तीचं होतं. उन्हाळ्यात आणि उंचावर हवा विरळ होते, तिथे ते दमायचं. कीव्हच्या अंतोनोव्हवाल्यांनी त्याच जातीच्या सांगाड्यावर एआय-२० इंजिनं चढवली, प्रत्येकी ५००० च्या वर. एवढी ताकद वापरायला पंखा (प्रोपेलर) मोठा लागतो, ४.७ मीटर व्यासाचा. तो जमिनीला आणि बॉडीला लागू नये म्हणून इंजिनं वर गेली. त्याचा दुसरा फायदा असा की कच्च्या धावपट्टीवरचे खडे इंजिनात शिरत नाहीत. तोटा फिटर लोकांना विचारा. साधी तपासणी करायची तरी शिडी आणि स्टँड, आणि थंडीत त्या उंचीवर उघड्या बोटांनी नट सोडायचा.

१९७६ साली हे पहिल्यांदा उडालं आणि १९८४ पासून आपल्याकडे यायला लागलं. हवाई दलाने सव्वाशेच्या आसपास घेतली. जगात एवढी दुसऱ्या कोणाकडे नाहीत. लडाख, सियाचीन, अरुणाचल, अंदमान ही चारही कामं एकाच विमानाकडून करून घ्यायची म्हटल्यावर एवढी ताकद लागणारच. ३१ मे २००८ रोजी हे लडाखमध्ये चीनच्या सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डीला उतरलं, १६,६१४ फुटांवर, कच्च्या पट्टीवर. त्याआधी तिथे ४३ वर्षं हेलिकॉप्टर सोडून दुसरं विमान उतरलं नव्हतं. पूर्वी जी पॅकेट विमानं तिकडे जायची त्यांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवावं लागायचं. एएन-३२ ला असं काही जोडावं लागलं नाही.

आता प्रवासी म्हणून. सुट्टीवर जाताना कुरियरने, म्हणजे जवानांची ने-आण करणाऱ्या फेरीच्या विमानाने, गेलेल्या कोणालाही विचारा. ५० माणसं बसतात असं कागदावर आहे. भिंतीला लागून घडीच्या सीटा, समोरासमोर तोंडं, मध्ये सामान, त्यामुळे गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न. खिडक्या गोल आणि पाठीमागे, म्हणजे हिमालय बघायचा तर मान मोडून घ्यायची. जमिनीवर उभं असताना उन्हाळ्यात आत बसवत नाही. वर गेल्यावर उबदार कपडे अंगावर हवेत, बॅगेत नकोत. आणि आवाज! कानात कापूस घालणं हा सल्ला नाही, नियम समजा. पंख्याच्या रेषेत तर अजिबात बसू नका. बाहेरून त्या जागी पट्टा रंगवलेला असतो, चढताना बघून ठेवा आणि तिथून लांब जा. प्रवासी म्हणून पाचपैकी दोन, त्यातला एक तिकीट लागत नाही म्हणून.

इतर गिऱ्हाइकांकडे पाहिलं की या विमानाचा स्वभाव कळतो. जिथे डोंगर, ऊन किंवा वाईट धावपट्टी, तिथे हे सापडतं. पेरूने अँडीजसाठी घेतलं. कोलंबियाच्या लष्कराकडे आणि मेक्सिकोच्या नौदलाकडे होतं. श्रीलंकेने यादवीच्या काळात रस्ता बंद असताना जाफनाजवळच्या पलालीला सैन्य आणि रसद याच्यातून नेली, आणि त्यात विमानं गमावलीही. बांगलादेशाकडे मोजकीच आहेत. इराकने, अंगोलाने, अफगाणिस्तानने वापरलं. युक्रेनने त्याच्या दोन्ही कुशींना टाक्या लावून आग विझवणारं एएन-३२पी बनवलं, ८ टन पाणी एका झटक्यात ओततं. श्रीमंत हवाई दलांच्या यादीत हे जवळपास दिसत नाही. त्यांना ते लागलंच नाही.

आपल्याकडे याच्यावर इंधनाचाही प्रयोग झाला. डिसेंबर २०१८ मध्ये मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलं इंधन १० टक्के मिसळून चंदीगडहून हे उडवलं, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच मिश्रणावर ते लेहला उतरलं. बियाणं छत्तीसगडचं, प्रक्रिया डेहराडूनची. म्हाताऱ्याला एरंडेल पाजलं आणि तो डोंगर चढून आला, असं आमच्यातला एक जण म्हणायचा.

एवढं कौतुक झाल्यावर दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर परीक्षण कसलं. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसं झालं. अवशेष सापडल्याचं कळलं ते जानेवारी २०२४ मध्ये, समुद्रात ३४०० मीटर खोल. ३ जून २०१९ ला आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला जाणारं विमान कोसळलं, १३ जण गेले, आणि अवशेष दिसायला आठ दिवस लागले. त्याच मेचुकाच्या वाटेवर २००९ मध्येही १३ जण गेले होते. त्या दऱ्यांत ढग कधी खाली येईल सांगता येत नाही आणि वळायला जागा नसते. तिथे कुठलंही विमान अडचणीत येईल. पण विमान पडल्यावर ते कुठे आहे हे तासाभरात कळायला हवं, आणि ती सोय प्रत्येक विमानात कधीच बसायला हवी होती. यावर मी कोणाचं काही ऐकून घेणार नाही.

कारण सुधारणेचा करार २००९ चा आहे. १०५ विमानं, ४० कोटी डॉलर, काही युक्रेनमध्ये आणि बाकीची कानपूरच्या डेपोत. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचं क्रिमिया घेतलं आणि सुटे भाग अडकले. याची इंजिनं बनतात युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाला, आणि २०२२ नंतर त्या शहराचं काय चाललंय ते आपण बातम्यांत बघतोच. पूर्वी सोव्हिएत संघ एक होता तेव्हा एका पत्रावर भाग यायचे. आता डिझाइन ज्यांचं ते स्वतः युद्धात आहेत. विमान म्हातारं झालं हे एक दुखणं, त्याचं माहेर जळतंय हे दुसरं आणि मोठं.

मग याच्या जागी काय? लोक एअरबसच्या सी-२९५ चं नाव घेतात. ते ५६ घेतलेत, ४० बडोद्यात बनणार, पण ते मूळ जुन्या अॅव्रो मालवाहू विमानांच्या बदली आहेत. माल ९ टनांच्या आसपास नेतं, एएन-३२ चे पावणेसात. आतून शांत आहे, मागचं दार चांगलं आहे. हवाई दलाने त्याहून मोठ्या, १८ ते ३० टनांच्या विमानाचीही चौकशी २०२२ पासून चालवली आहे. मोठं घ्या, जरूर घ्या. फक्त निवड करणाऱ्या समितीने एकदा तरी रॅम्प उघडून दरीवर उभं राहून दोन पोती ढकलून बघावीत. माहितीपत्रकात वेग, पल्ला, वजन सगळं असतं. दार उघडल्यावर वारा पायाखालून येतो की तोंडावर, आणि लोड अडकला तर तो सोडवायला हात कुठून घालायचा, हे त्यात नसतं.