डॉमिनिअरिंगचा लाकडी संच: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

डॉमिनिअरिंग हा दोघांनी पटावर खेळायचा खेळ. त्याचे नियम एका दमात सांगून होतात. आठ बाय आठचा पट. सोंगटी दोन घरं व्यापणारी. एका खेळाडूने ती कायम उभीच ठेवायची, दुसऱ्याने कायम आडवीच. पाळीपाळीने खेळायचं आणि ज्याला सोंगटी ठेवायला जागा उरली नाही तो हरला. फासे नाहीत, नशीब नाही, बरोबरी नाही.

आधी लाकडाचं बोलून घेतो. दोन रंगांच्या सोळा-सोळा सोंगट्या येतात, आणि तेवढ्या पुरतात. चौसष्ट घरांत बत्तीसपेक्षा जास्त सोंगट्या बसतच नाहीत, त्यात पाळी आलटून-पालटून, म्हणजे कुणालाच सोळाच्या वर लागणार नाहीत. पटाला प्रत्येक घराभोवती बारीक खाच आहे. दिसायला सुरेख, पण पावसाळ्यात सोंगट्या फुगल्या आणि शेजारी-शेजारी दोन बसेनात. पॉलिशपेपरने कडा घासल्यावर प्रश्न मिटला. बनवणाऱ्याने सोबत दिलेला माहितीचा कागद मात्र निव्वळ शोभेचा. नियम सोडून त्यात काहीही नाही, आणि या खेळात नियमांच्या पुढेच सगळी मजा आहे.

पहिले काही आठवडे खेळ सपक वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो. काठाची युक्ती सगळ्यांना लवकर सापडते: उभ्याने (म्हणजे उभ्या सोंगट्या ठेवणाऱ्याने) काठापासून दुसऱ्या रकान्यात सोंगटी ठेवली की काठाची दोन घरं आपोआप त्याची होतात. तिथे आडवी सोंगटी बसत नाही, म्हणजे एक खेळी राखीव. मग दोघंही राखीव खेळ्या जमवत सुटतात आणि शेवटी मोजणी करतात. इथपर्यंतच पोचून बऱ्याच घरांत हा डबा माळ्यावर जात असणार.

खरी गंमत कळते ती अर्ध्याहून जास्त पट भरल्यावर. मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांत फुटते आणि एका तुकड्यातल्या खेळीचा दुसऱ्याशी काही संबंध उरत नाही. म्हणजे प्रत्येक तुकड्याची किंमत वेगळी काढायची आणि बेरीज करायची. उभ्याचा फायदा अधिक, आडव्याचा उणे. एकावर एक दोन मोकळी घरं म्हणजे अधिक एक; शेजारी-शेजारी दोन घरं म्हणजे उणे एक. बेरीज अधिक आली तर उभा जिंकतो, उणे आली तर आडवा, मग सुरुवात कुणीही करो. शून्य आली तर ज्याची पाळी तो हरतो.

आता एक तुकडा जवळून बघा. एका रकान्यात तीन घरं, आणि सगळ्यात खालच्या घराला लागून उजवीकडे एक घर. उभ्याने खालची दोन घरं घेतली तर दोन सुटी घरं उरतात, म्हणजे शून्य. वरची दोन घेतली तर खाली आडव्याला एक खेळी मिळते, म्हणजे उणे एक. ते कोण करेल? आडव्याला एकच खेळी आहे, आणि ती केली की वर उभ्यासाठी दोन घरं शिल्लक, म्हणजे अधिक एक. उभा खेळला तर शून्य, आडवा खेळला तर एक. या तुकड्याची किंमत दोन्हींच्या मधली, बरोबर अर्धी खेळी.

माझ्या भाच्याला शाळेत अपूर्णांक नुकतेच आले होते. त्याने लगेच विचारलं, "मामा, अर्धी खेळी खेळायची कशी?" मी पटावर असे दोन तुकडे मोकळे ठेवले, आडव्याचं दोन घरांचं एक जोडघर ठेवलं, बाकी सगळं झाकून टाकलं आणि म्हटलं, "हवी ती बाजू घे, पण सुरुवात तू कर." उभा झाला, हरला. आडवा झाला, परत हरला. अर्धा अधिक अर्धा उणे एक, शून्य. मग म्हणाला, "म्हणजे आधी हात लावेल तो गेला." त्यानंतर तो घरातल्या प्रत्येकाला हाच सापळा लावत फिरला. आजोबा तर दोनदा अडकले.

सगळे तुकडे असे थंड, म्हणजे हात लावेल त्याचंच नुकसान करणारे, नसतात. दोन बाय दोनचा चौकोन घ्या: उभा आधी खेळला तर अधिक एक, आडवा आधी खेळला तर उणे एक. हा तापलेला तुकडा, इथे आधी धावायचं. नागमोडी चार घरांचा तुकडा त्याहून कमी तापलेला: उभ्याच्या बाजूने असेल तर उभा आधी खेळल्यास एक, आडवा आधी खेळल्यास शून्य. कोपऱ्यासारखी तीन घरं उरली तर कुणीही एकदा खेळलं की संपलं. फायदा कुणालाच नाही, फक्त पाळी पलटते. अर्ध्यासारखे आकडे सगळ्यात शेवटी. हा क्रम अंगवळणी पडला की समोरच्याला कळतही नाही आपण का हरतोय ते. आपल्या राखीव जागा मधेच खर्च करणं ही नवख्यांची हमखास खोड, आणि ती सुटायला वेळ लागतो.

खेळ योरान आंडरसन यांचा. १९७४ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्याची ओळख करून दिली, आणि पुढे कॉनवे, बर्लेकँप, गाय या गणितज्ञांच्या त्रयीने त्याला तुकड्यांच्या किमतींच्या या गणिताचं नेहमीचं उदाहरणच करून टाकलं. तुकड्यांच्या किमती पडताळायला मी आरॉन सीगल यांचं सीजीसूट हे सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, तुकडा भरला की किंमत सांगतं. छोट्या तुकड्यांपुरतं हातानेही जमतं, पण पाच-सहा घरांच्या पुढे किमती अशा काही गुंतागुंतीच्या होतात की डोकं बाजूला ठेवावं.

मग आठ बाय आठचं काय? संगणकाने २००० मध्येच निकाल लावला: दोघंही अचूक खेळले तर सुरुवात करणारा जिंकतो. म्हणून संच कुचकामी ठरतो का? अजिबात नाही. ती जिंकणारी वाट माणसाच्या लक्षात राहण्यासारखी नाही. माझा या गणिताबद्दलचा आक्षेप उलटाच आहे: सुरुवातीच्या दहाएक खेळ्यांत ते काहीच मदत करत नाही. तिथे अंदाज आणि सवय, बस्स. शेवटच्या टप्प्यात मात्र ते अक्षरशः डाव फिरवतं.

लहान मुलांसाठी घेत असाल तर आठ बाय आठपासून सुरू करू नका. कागदाच्या पट्ट्यांनी तीन ओळी आणि तीन रकाने झाका आणि पाच बाय पाच खेळा. दोन बाय दोनपासून अकरा बाय अकरापर्यंतच्या चौरसांत फक्त याच पटावर दुसरा खेळणारा जिंकतो, बाकी सगळीकडे पहिला. मुलांना आपणहून दुसरी पाळी देऊ नका, त्यांना ती मागू द्या. दोघंही दुसऱ्या पाळीसाठी भांडायला लागले की सहा बाय सहावर जा.

संच नाही मिळाला तरी अडत नाही. बुद्धिबळाचा पट आणि दोन घरांच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात.