बीडच्या बार्शी नाक्याजवळील ब्रेकचे गॅरेज : गळक्या मास्टर सिलिंडरच्या कामाचा अनुभव

माझ्या चौदा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीत ब्रेक ऑइलची पातळी दोन महिन्यांत तीनदा खालच्या खुणेपर्यंत उतरली आणि तिन्ही वेळा गाडीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एक थेंबही दिसला नाही. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दोनदा ऑइल भरून मला परत पाठवले आणि पॅड झिजले की पातळी उतरतेच, असे समजावले. हे विधान खोटे नव्हे. पॅड झिजतात तसा ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा ऑइलने भरते आणि डबीतील पातळी थोडी खाली येते. परंतु ही घट कित्येक महिन्यांत दिसते, दोन-तीन आठवड्यांत नाही, एवढे त्या वर्कशॉपच्या लक्षात यायला हवे होते.

पुढे एका संध्याकाळी मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरताना पायाखालचे पेडल एका जागी न थांबता हळूहळू खाली जाऊ लागले. दोनदा पंप केल्यावर ते वर आले, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टॅक्सीचालकाने बार्शी नाक्याजवळच्या या गॅरेजचे नाव काढले. पत्र्याचे शेड, समोर लिंबाचे झाड, आणि काम फक्त ब्रेक व क्लचचे. इंजिनाच्या कामाची गाडी आली तर मिस्त्री सरळ दुसरीकडे पाठवतात.

मिस्त्रींनी चाके उघडलीच नाहीत. त्यांनी बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग, जिथे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला जोडलेला असतो त्या सांध्याखाली बॅटरीचा उजेड मारला. तेथे बूस्टरचा काळा रंग पापडासारखा फुगून सुटला होता. "सर, थेंब खाली पडत नाही म्हणजे तेल आत चाललंय," एवढेच ते म्हणाले. मग सिलिंडरचे दोन नट सोडून, पाइप न वाकवता तो थोडा पुढे ओढला आणि तारेला गुंडाळलेले फडके बूस्टरच्या तोंडातून आत घातले. फडके ओले होऊन बाहेर आले. सिलिंडरच्या मागच्या टोकाचे रबरी सील गेले होते आणि गळालेले ऑइल बूस्टरच्या पोटात साठत होते. जमिनीवर डाग न पडण्याचे कारण हेच. पेडल खाली जाण्याचे कारण वेगळे होते. सिलिंडरमधल्या पिस्टनवरील बकेट, म्हणजे रबरी वाटी, झिजल्यामुळे दाबाखालचे ऑइल बकेटच्या कडेने मागे निसटत होते, आणि या दोषात तर बाहेर काहीच दिसत नाही.

मी साहजिकच किट, म्हणजे फक्त आतली रबरे, टाकण्याविषयी विचारले, कारण किट काही शे रुपयांत मिळते. त्यांनी सिलिंडर पूर्ण उघडून बोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, उजेड टाकला आणि मला डोळा लावायला सांगितले. आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे होते. जुन्या बिडाच्या सिलिंडरला होनिंग करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, भागत असे; ॲल्युमिनियमच्या सिलिंडरच्या बोअरवर मात्र एक कडक थर असतो, तो घासला गेला की नवी बकेटही लवकर खराब होते. म्हणून पूर्ण असेंब्ली, म्हणजे अख्खा सिलिंडरच, बदलावी, असे त्यांचे मत पडले. मला वाटते, किट टाकून पैसे घेणे त्यांना सोपे होते.

असेंब्ली छत्रपती संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने यायची होती. सकाळी मिळेल असे सांगितलेले पार्सल संध्याकाळी आले आणि काम दीड दिवस लांबले. याबद्दल मला एक फोनही केला गेला नाही, ही माझी पहिली तक्रार.

कामाची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. नवा सिलिंडर गाडीला लावण्याआधी त्यांनी तो शिकंज्यात धरला, दोन्ही तोंडांना पारदर्शक नळ्या लावून त्या वरच्या डबीतील ऑइलमध्ये बुडवल्या आणि स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन सावकाश दाबत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग पेडल कितीही पंप केले तरी स्पंजासारखे लागते. डबी त्यांनी ब्रेक ऑइलनेच धुतली. पेट्रोलने धुतली तर रबर फुगते. झाकणावर लिहिलेल्या डॉट 4 या प्रतीचेच ऑइल वापरले आणि बाटलीचे सील माझ्यासमोर फोडले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा 155 पर्यंतच धरलेला असतो. घाटात सतत ब्रेक दाबणाऱ्यांना हा फरक किती महत्त्वाचा ते कळेल. शेवटी मागच्या डाव्या, म्हणजे सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. गाडीत बसलेला गॅरेजमधला मुलगा "दाब... धर... सोड" या हुकमांवर पेडल चालवत होता. मडगार्डवर चार थेंब सांडले तेव्हा मिस्त्रींनी हातातले काम टाकून आधी ड्रममधले पाणी ओतले, कारण ब्रेक ऑइल रंग खाते.

बूस्टरमधील ऑइल सिरिंजने ओढून घेतल्यावर त्याचीही परीक्षा झाली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबले, मग दाबून धरूनच इंजिन सुरू केले. पेडल किंचित खाली गेले, म्हणजे बूस्टर चालू होता. तरी आतल्या रबरी पडद्याने बरेच दिवस ऑइल सोसले आहे, त्यामुळे पुढे पेडल जड झाले किंवा फुसफुस ऐकू आली तर लगेच या, असे त्यांनी बजावले.

एकूण 3,430 रुपये झाले : असेंब्ली 2,350, ऑइल 280 आणि मजुरी 800. मजुरी मला रास्त वाटली. बिल मात्र वहीच्या कागदावर मिळाले आणि असेंब्लीच्या खोक्यातील वॉरंटीचा कागद मी मागितला तेव्हाच हाती पडला. खोके आणि जुना सिलिंडर आठवणीने मागून घ्यावा. दुसरी गोष्ट मला खटकली. काढलेले जुने ऑइल त्या मुलाने शेडमागच्या नालीत ओतले. मी हटकल्यावर मिस्त्रींनी त्याला एक जुना कॅन आणून दिला, पण तो कॅन पुढे वापरात राहिला असेल का, याची मला शंका आहे.

काम होऊन सात आठवडे झाले. ऑइल वरच्या खुणेवर आहे, पेडल वरच थांबते आणि तो घाट मी दोनदा उतरलो आहे. शुक्रवारी गॅरेज बंद असते. सकाळी दहाच्या आत गेल्यास मिस्त्री स्वतः गाडी पाहतात, नंतर गर्दी वाढते आणि पहिली तपासणी त्या मुलाच्या हाती जाते.