बेस येईना म्हणून अ‍ॅम्प बदलला, खोट होती बॉक्समध्ये

बेळगावात गाडीला सबवूफर (खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात ‘सब’) बसवून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 19 हजार रुपये गेले. त्यातले निम्म्याहून जास्त, बसवून घेतल्यानंतर ‘दुरुस्ती’च्या नावाखाली गेले, आणि ते मला जास्त लागलं.

गेल्या दिवाळीनंतर शहरातल्या एका दुकानातून 12 इंची सब, तो बसवायचा तयार बॉक्स आणि सबला ताकद देणारा अ‍ॅम्प घेतला. सगळं मिळून 9,200 रुपये. बॉक्स 60 लिटरचा, 18 मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), असं मला तोंडी सांगितलं. बिल मागितलं तर पांढऱ्या कागदावर अंदाजपत्रक मिळालं. तिथंच मी थांबायला हवं होतं.

दुकानासमोर आवाज दणदणीत वाटला. खानापूरच्या रस्त्याला लागल्यावर फरक कळायला लागला. ढोल, ताशा, किक ड्रम जोरात, पण गाण्यातला खालचा लांब सूर गायब. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या (सेकंदाला 41 कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा) आसपास वाजते. तो सूर आला की नुसती डिकी थरथरायची आणि ऐकू काहीच यायचं नाही.

परत गेलो. दुकानदार म्हणाला, “अ‍ॅम्प कमी पडायलाय तुमचा. मोठा घाला, काचा हालतील बघा.” 7,000 रुपये देऊन ‘3000 वॅट’ लिहिलेला अ‍ॅम्प घातला. काहीच फरक नाही. पंधरा दिवसांनी म्हणाला, बॅटरी दबतेय, वीज साठवून झटक्यात देणारा कपॅसिटर लागेल. 2,800 रुपये. तरी आवाज तोच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं ‘गाडीच तशी आहे’ असं सांगितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

शेवटी वडगावातल्या एका साऊंडवाल्या मामांकडं गेलो. गणपतीच्या मंडपांना साऊंड लावण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, बॉक्स स्वतः बांधतात. त्यांनी गाणं लावलंच नाही. फोनवरून एकेक सूर सोडला: 80, 70, 60, 50, 40, 35 हर्ट्झ. आवाज बारीकच ठेवला आणि मला कोनवर, म्हणजे सबच्या हलणाऱ्या पडद्यावर, हलकं बोट ठेवायला लावलं. 57 च्या जवळ कोन जवळजवळ स्थिर झाला आणि बॉक्सला बसवलेल्या पाइपातून वारा जोरात यायला लागला. 40 वर कोन पुढं-मागं फडफडत होता, आवाज मात्र जवळपास शून्य. मामा म्हणाले, “हे वॅटचं दुखणं नव्हं. बॉक्स वरच्या सुराला ट्यून झालाय. ह्यात दहा हजार वॅट घातलासा तरी खालचं येणार नाही.”

कारण त्यांनी समजावलं ते असं. पाइप असलेला बॉक्स एका ठरावीक सुराला सगळ्यात चांगला वाजतो. तो सूर ठरतो बॉक्समधल्या हवेवर आणि पाइपाच्या जाडी-लांबीवर. त्या सुराला पाइपातली हवाच काम करते, म्हणून कोन थांबल्यासारखा दिसतो. त्याच्या खाली गेलं की कोनला हवेचा आधार उरत नाही. कोन मोकाट हलतो, आवाज झपाट्यानं पडतो आणि जास्त ताकद घातली तर सब फाटतो.

मग टेप लावली. आतली लांबी 50 सेंटिमीटर, उंची 34, मागची बाजू तिरकी, म्हणून खोली सरासरी 27. गुणाकार करून हजारानं भागलं की लिटर येतात: 45.9. त्यातून सब आणि पाइपाची जागा वजा केली की उरले सुमारे 42. मला 60 सांगितले होते! वर 4 इंची पाइप फक्त 10 सेंटिमीटर लांब. हिशेब 57 हर्ट्झच्या जवळच जातो, कोनवर बोटाला कळलं तेच. आणि एमडीएफ कुठला, 12 मिलिमीटरचा भुशाचा बोर्ड. आमच्याकडच्या पावसानं खालचा कोपरा फुगून सांध्यातून हवा सुटायला लागली होती.

मल्टीमीटर लावल्यावर पुढचं उघडं पडलं. सबला 4 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची वेटोळी. दुकानानं त्या एकापाठोपाठ जोडून 8 ओहम केलेल्या, मीटरवर 7 च्या आसपास दिसत होतं. पहिला अ‍ॅम्प 2 ओहमला पूर्ण ताकद देणारा होता. 8 ओहमवर तो जेमतेम चौथा हिस्सा ताकद देत होता, म्हणजे मला बदलायला लावलेला अ‍ॅम्प मुळात नीट वापरलाच नव्हता. ‘3000 वॅट’वाल्याचा फ्यूज पाहिला तर एकच, 30 अँपिअरचा. 14 व्होल्ट गुणिले 30, म्हणजे 420 वॅट. गाडीतून एवढंच घेणारा अ‍ॅम्प सतत तीन हजार देणार कुठून? पॉवरची वायर ब्लेडनं खरवडली तर आत पांढरी, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम.

अनगोळच्या सुताराकडून 18 मिलिमीटर एमडीएफचा नवा बॉक्स करून घेतला. सब आणि पाइपाची जागा सोडून 55 लिटर, 4 इंची पाइप 30 सेंटिमीटर, आतून सगळ्या सांध्यांना सीलंट. मजुरीसकट 3,400 रुपये. कॉइल समांतर जोडून 2 ओहम केल्या, पहिलाच अ‍ॅम्प परत लावला आणि त्यावरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) 30 हर्ट्झच्या आसपास ठेवला. कोन आता 34-35 ला थांबतो. तीच गाणी, तोच रस्ता, आणि खालचा सूर पाठीला जाणवतो.

दुकानात जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि तिथंच 40 हर्ट्झचा सूर वाजवून दाखवायला सांगा. बॉक्सचे लिटर, लाकूड आणि अ‍ॅम्पची आरएमएस (सतत देता येणारी) ताकद पक्क्या बिलावर लिहून मागा. लिहून देईना तर उठा. माझ्याकडं पक्कं बिल नव्हतं, पण फोनवरून पैसे दिल्याची नोंद, ते अंदाजपत्रक आणि टेप लावलेल्या बॉक्सचे फोटो होते. तेवढ्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदारानं कपॅसिटरचे 2,800 परत केले. अ‍ॅम्पच्या सात हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी करतोय. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. फुगलेला जुना बॉक्स पुरावा म्हणून परड्यात झाकून ठेवलाय.