जुनी जावा ओळखायची कशावरून: आरसी बुक की पंच केलेला नंबर?

जुन्या मोटरसायकलच्या टाकीवर ‘जावा’ लिहिलंय, पायाने दाबून पाहिलं तर किकचाच दांडा गियरचाही होतो, म्हणजे जावाच, असं म्हणून मोकळं होऊ नये. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं, आणि येझदीवर जावाची टाकी चढवणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत.

आरसी बुक वाचायला सोपं. मॉडेल, उत्पादनाचं साल, नोंदणीची तारीख, सगळं एका पानावर. पण ते वाहनाची नोंद सांगतं, वाहन नाही. लष्कराच्या लिलावातली बुलेट घ्या: गाडी जुनी, नोंदणी मात्र लिलावानंतरची. साल चुकण्याची ही नेहमीची जागा.

पंच केलेले, म्हणजे धातूवर ठोकलेले नंबर शोधायला हात काळे करावे लागतात. एक हँडलखाली, चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मानेवर. दुसरा इंजिनाच्या क्रँककेसवर, म्हणजे खालच्या धातूच्या कवचावर. रॉकेलचा बोळा फिरवा आणि टॉर्च तिरकी धरा. कारखान्याचे आकडे साधारण एका खोलीचे, एका वळणाचे असतात. एखादा आकडा तिरका, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने गुळगुळीत झालेला दिसला, की किमतीची बोलणी तिथेच थांबवा. जावा-येझदीत दोन्ही नंबर जुळले तर गाडी मूळ इंजिनाची, म्हणून शौकीन त्याचे जास्त पैसे मोजतात.

माझा कौल नंबराला. आरसीवरचा नंबर त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, नावावर करताना आरटीओत अडकणारच.