निवेदक गाळून कादंबरी राखणारा चित्रपट

गोव्यातल्या म्हार्दोळजवळच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला नाटक होतं. एका वर्षी मी त्यासाठी एका प्रेमकादंबरीचं रूपांतर केलं. लेखकाचं निवेदन सोडवेना, म्हणून त्याला सूत्रधार करून एका बाजूला उभा केला. दुसऱ्या अंकात तो तोंड उघडायचा नि मंडपातली माणसं चहाला उठायची. ते मनात अजून सलतं. म्हणूनच १९८१ चा 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन' हा चित्रपट या आठवड्यात मी दोनदा पाहिला.

जॉन फाउल्सची मूळ कादंबरी १९६९ ची, पण गोष्ट घडते १८६७ मध्ये, इंग्लंडातल्या लाइम रीजिस या किनाऱ्यावरच्या गावात. चार्ल्सचं लग्न ठरलेलं आहे. सारा ही फ्रेंच अधिकाऱ्याने टाकलेली म्हणून बदनाम झालेली. लेखक मध्येच येऊन आपल्या विसाव्या शतकातून त्या काळाबद्दल बोलतो, पात्रं माझं ऐकत नाहीत म्हणतो, आणि अखेरीस दोन शेवट आपल्यापुढे ठेवतो. एकात मीलन, दुसऱ्यात ताटातूट.

पटकथाकार हॅरॉल्ड पिंटर यांनी हा लेखक काढूनच टाकला. त्याच्या जागी आणले दोन नट. याच गोष्टीवर चित्रपट चालू आहे, साराचं काम करणारी अ‍ॅना आणि चार्ल्सचं काम करणारा विवाहित माइक एकमेकांत गुंतले आहेत. लेखक जे शंभर वर्षांचं अंतर बोलून दाखवायचा, ते आता दोन जोड्यांमध्ये आपलं आपल्याला दिसतं.

तालमीचा प्रसंग बघा. साध्या कपड्यांत दोघं एका खोलीत रानातल्या भेटीची तालीम करतात. पहिल्यांदा अ‍ॅना नुसत्या हालचाली करते. पुन्हा करू या म्हणतात. या खेपेला तिची नजर बदलते, ती चालत येते, तोल जातो, आणि पडता पडता ती रानात सारा होऊन पडते. मेरिल स्ट्रीपच्या चेहऱ्यावर ते नेमकं कधी घडतं, हे पाहायला मी तेवढाच तुकडा चारदा मागे नेला.

धक्क्यावर वादळात उभी असलेली सारा पाहताना मला आमचं दोना पावल आठवलं. तिथे समुद्रात उडी घेतलेल्या प्रेमिकेची गोष्ट पर्यटकांना सांगतात, सांगणाऱ्यागणिक निराळी. ती बाई खरी कोण, हे कुणी विचारत नाही. साराने तर गावाने चिकटवलेली गोष्ट आपणहून अंगावर घेतलेली, आणि तेच तिचं स्वातंत्र्य. कादंबरीत हे जितकं खोल उतरतं, तितकं चित्रपटात उतरत नाही. चार्ल्सचं जीवाश्मांचं वेड, डार्विनने हादरलेला तो काळ, हेही नावापुरतं उरलंय. आजची जोडीही मला पातळच वाटली. अ‍ॅनाच्या मनात काय आहे, ते शेवटपर्यंत हाती लागत नाही.

तरी शेवटासाठी मी दिग्दर्शक कारेल राइझ यांना हात जोडतो. दोन शेवट त्यांनी दोन जोड्यांना वाटून दिले आहेत. जुन्या काळातली जोडी भेटते. आजची अ‍ॅना गाडीत बसून निघून जाते आणि माइक खिडकीतून हाक मारतो, "सारा!"

काल रात्री कपाटातून माझी संहिता काढली. सूत्रधाराच्या वाक्यांवर पेन्सिलीने रेघा मारल्या. आता ती वाक्यं नायिकेच्या हातांना, पायांना, गप्प बसण्याला कशी देता येतील, ते पाहतोय.