जुन्या शोपीसना नवा रंग द्यायचाय: स्प्रे मारू, ब्रशने रंगवू, की आहे तसंच ठेवू?

आधी एक विचारते, त्या शोपीसमध्ये तुमचा जीव नक्की कशात अडकलाय? चेहऱ्यात, की एकूण आकारात, म्हणजे त्याच्या उभं राहण्याच्या, मान कलती करण्याच्या ढबीत? कारण स्प्रे की ब्रश हा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो, डब्यावर काय छापलंय त्यावरून नाही.

मावशीने दिलेली एक चिनीमातीची मुलगी होती माझ्याकडे, हातात टोपली, गुलाबी गाल, फ्रॉकवर बारीक निळी फुलं. बाकीच्या घराशी ती अजिबात जात नव्हती म्हणून मी तिला मॅट पांढरा स्प्रे मारला, आणि खरं सांगते, सुंदर झाली, फ्रॉकच्या चुण्या पहिल्यांदा नीट दिसल्या, कुठल्या महागड्या दुकानातली वाटायला लागली. पण तिचे डोळे गेले. डोळे कोरलेले नव्हते, नुसते रंगवलेले होते, आणि मावशीची आठवण त्या डोळ्यांतच होती हे मला ते गेल्यावर कळलं. अजूनही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एकच चाचणी करते. डोळे मिटून शोपीसवरून बोट फिरवायचं. बोटाला जे लागतं ते एकरंगी रंगातही टिकतं, जे लागत नाही ते पुसलं जाणार. केस, घड्या, बोटं, पिसं सगळं कोरलेलं असेल तर खुशाल एका रंगात रंगवा. आणि चेहरा गुळगुळीत लागला तर थांबा जरा.

आता स्प्रेबद्दल. मॉडर्न लुक म्हणून आपण जे फोटो बघतो, सगळं काळं, सगळं पांढरं किंवा एकच गडद निळा, ते बहुतेक वेळा स्प्रेचंच काम असतं, कारण ब्रशच्या रेघा न येता सगळीकडे सारखा थर दुसऱ्या कशाने बसतच नाही. कानामागे, काखेत, टोपलीच्या विणीत सगळीकडे पोचतो. पण स्प्रे घाई सहन करत नाही. डबा चांगला मिनिट-दोन मिनिटं हलवायचा, २० ते ३० सेंटीमीटर लांब धरायचा, फवारा शोपीसच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा आणि एकदम झाकायला न जाता तीन-चार अगदी पातळ हात द्यायचे. जाड हात दिला की हनुवटीखाली आणि कोपरावर ओघळ येतात, नाक-ओठ भरून जातात आणि चेहरा मेणासारखा वितळल्यागत दिसतो. दमट हवेत मारला तर रंगावर पांढुरकी धुरकट झाक येऊ शकते, म्हणून पावसाळी दिवशी नकोच. काम मोकळ्या हवेत, नुसता कापडी मास्क पुरत नाही, रंगाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क लागतो. घरात लहान बाळ असेल, गच्ची-अंगण काही नसेल तर स्प्रेचा विचार सोडून द्या, खरंच.

ब्रश आणि ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, याच्या बरोबर उलट. हळू काम, पण प्रत्येक गोष्ट तुमच्या हातात. चेहरा तसाच ठेवून फक्त फ्रॉक रंगवता येतो, भडक निळ्या फुलांच्या जागी एकच शांत राखाडी देता येतो, चूक झाली तर ओलं असतानाच पुसता येतं, वास जवळजवळ नाही, ब्रश पाण्याने धुतला जातो. वाईट बाजू म्हणजे रेघा. त्यावर उपाय एकच, रंग थोडं पाणी घालून पातळ करायचा आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. ॲक्रिलिक अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो त्यामुळे लोक फसतात, आत तो पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर नख लागलं तरी निघतो.

चॉक पेंट हा मधला पर्याय. अ‍ॅनी स्लोन या बाईंनी तो १९९० साली फर्निचरसाठी आणला, आणि त्याची खडूसारखी मॅट फिनिश चिनीमातीवर फार छान दिसते, चकचकीत शोपीस एकदम दगडी किंवा मातीचं वाटायला लागतं. जाड असल्याने बहुतेक ठिकाणी प्रायमरशिवाय, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायच्या अस्तराशिवाय, बसतो आणि हीच जाडी बारीक नक्षीवर नडते. वर मेण किंवा वॉर्निश लागतंच नाहीतर बोटांचे डाग पडतात. मी तरी मेणापेक्षा पाण्याचं मॅट वॉर्निश लावा म्हणेन, कारण मेण लावलं की नंतर त्यावर दुसरे बहुतेक रंग धड बसत नाहीत आणि मेण पुन्हा पुन्हा लावावंही लागतं. मोठी, ढोबळ आकाराची शोपीस, घुबड, हत्ती, ससा असं काही असेल तर माझी पहिली पसंती चॉक पेंटच.

तेलाचा एनॅमल रंग घरात उरलाय म्हणून तोच वापरायचा मोह होतो. टणक होतो खरा, पण वाळायला वेळ घेतो, तेवढ्यात धूळ चिकटते, आणि पांढरा एनॅमल अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला की पिवळा पडत जातो. पांढऱ्यासाठी नकोच.

ओव्हनमध्ये भाजायचे पोर्सिलीन रंग पण मिळतात, रंगवून २४ तास वाळवायचं, मग थंड ओव्हनमध्ये ठेवून १५० अंशांवर साधारण ३५ मिनिटं. ग्लेझवर, म्हणजे चिनीमातीच्या वरच्या चकचकीत थरावर, घरी लावता येणाऱ्या रंगांत यांच्याइतकं पक्कं क्वचितच काही बसतं. पण रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचं शोपीस, जुना डिंक लावून जोडलेलं, आत गाणारं यंत्र असलेलं, यातलं काहीही ओव्हनमध्ये घालायचं नाही. आणि हे रंग थोडे पारदर्शक असतात, त्यामुळे जुनी गडद नक्षी झाकायला उपयोगाचे नाहीत, पांढऱ्या शोपीसवर नवीन रेघा-ठिपके काढायला मात्र मस्त.

आता रंग कुठलाही घ्या, खरं भांडण पृष्ठभागाशी असतं. ग्लेझ म्हणजे शेवटी काच, त्यावर रंग नुसता बसतो, आत शिरत नाही, म्हणून सहा महिन्यांनी पोपडे येतात आणि आपण रंगाला दोष देतो. साबणाने धुवा, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर) ओलं ठेवूनच हलकं घासा म्हणजे चमक मरेल, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग चकचकीत पृष्ठभागावर चिकटणारा प्रायमर. ओलंच का, तर जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती कोरडी धूळ नाकात जायला नको. बिस्क, म्हणजे ग्लेझ नसलेलं मॅट पोर्सिलीन, याच्या उलट रंग घट्ट धरून ठेवतं, तिथे रंगवणं सोपं पण परत काढणं जवळजवळ अशक्य. रेझिन हाताला कोमट लागतं आणि नखाने वाजवलं तर टण न होता ठक होतं, त्याला प्लॅस्टिकचा प्रायमर लावा. प्लॅस्टर तळाला खरवडलं की पांढरी भुकटी निघते, ते पाण्यात बुडवू नका, नुसत्या ओलसर फडक्याने पुसा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. पोकळ चिनीमातीच्या शोपीसला तळाशी किंवा मागे एक बारीक भोक असतं, भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेलं. धुताना त्यातून पाणी आत जातं, वरून सगळं कोरडं दिसतं, आपण प्रायमर मारतो आणि दुसऱ्या दिवशी त्या भोकातून पाणी झिरपून प्रायमरला फुगे आलेले असतात. भोक टेपने बंद करून धुवा, किंवा धुतल्यावर दोन दिवस भोक खाली करून ठेवा.

काहींना मात्र रंगच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तळाचा शिक्का बघा. जर्मनीच्या गोबेल कंपनीची १९३५ पासूनची हमेल नावाची मुलांची शोपीस, स्पेनच्या लाड्रोची शोपीस, रॉयल डॉल्टन कंपनीच्या, तळाशी एचएन नंबर असलेल्या स्त्रिया, यांना जमवणारे लोक आहेत आणि रंग लागला की त्यांच्या दृष्टीने ती वस्तू संपली. सगळीच दुर्मीळ नसतात, पुष्कळशी ढिगाने बनली होती, पण रंगवायच्या आधी माहीत तर करून घ्या. आणि ड्रेस्डेन पद्धतीची लेसवाली शोपीस, जिच्या झग्याला चिनीमातीची खरीखुरी जाळी असते. ती खरी लेस पातळ चिनीमातीत बुडवून लावतात, भट्टीत कापड जळून जातं आणि मागे कागदाहून नाजूक जाळी उरते, ब्रशचा धक्काही तिला पुरतो. ती आहे तशी राहू द्या.

मन दोन्हीकडे ओढत असेल तर परतीचा रस्ता ठेवूनही रंगवता येतं. ग्लेझवर प्रायमर न लावता साधं ॲक्रिलिक लावलं तर ते कोमट पाण्यात भिजवून नखाने सोलता येतं, टिकाऊ नाही, पण आतल्या कपाटात ठेवायच्या वस्तूला टिकाऊपणा लागतो कुठे. त्याहून बरं म्हणजे संग्रहालयातले दुरुस्ती करणारे लोक वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ नावाचा पारदर्शक रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून आधी एक पातळ थर द्यायचा, त्यावर ॲक्रिलिक, नंतर नको वाटलं तर ॲसिटोनच्या बोळ्याने सगळं उतरतं आणि भाजलेला मूळ रंग खाली शाबूत असतो. मात्र जुना रंग भट्टीत भाजलेला आहे की वरून नुसता लावलेला, हे तळाजवळच्या रंगावर ॲसिटोनचा बोळा टेकवून आधी बघा, बोळ्याला रंग आला तर हा मार्ग बंद. रेझिनवर तर ॲसिटोन आणायचंच नाही.

म्हणजे चेहरा कोरलेला आणि मोकळी जागा असेल तर स्प्रे. चेहरा रंगवलेला आणि तोच प्रिय असेल तर ब्रश, चेहरा सोडून. जाडजूड प्राणी असेल तर चॉक पेंट. आणि शिक्का ओळखीचा निघाला किंवा लेस असेल तर फडक्याने पुसून परत जागेवर.

ज्यांना स्प्रेचीच फिनिश हवी आणि चेहराही हवा, त्यांच्यासाठी मी दुसऱ्या शोपीसवर, मेंढरू घेतलेल्या मुलावर, हे केलं. चेहऱ्याच्या ग्लेझवर मास्किंग फ्लुइडचा, म्हणजे रंग लागू नये म्हणून लावायच्या आणि नंतर सोलून काढायच्या रबरी द्रवाचा थर दिला, वाळल्यावर प्रायमर आणि गडद हिरव्या स्प्रेचे चार हात, आणि शेवटचा हात पुरता कडक व्हायच्या आत तो रबरी पापुद्रा टोकाकडून हळू सोलून काढला. कानापाशी रंगाची कड थोडी फाटली, ती बारीक ब्रशने सारखी केली. बिस्कवर हे करू नका, ते फ्लुइड छिद्रांत अडकून बसतं. पापुद्रा निघाला तेव्हा खाली तोच जुना चेहरा होता, गालावरच्या पुसटशा लालीसकट, आता अंगभर हिरव्यामुळे आधीपेक्षा जास्त उठून दिसणारा.