आरसी कारचा जुना बॅटरी पॅक: जागवायचा, बदलायचा की लिपोवर जायचं?

वर्षानुवर्षं पडून राहिलेली आरसी (रिमोट कंट्रोलवर चालणारी) कार बाहेर निघते, पॅक चार्जिंगला लागतो, दहा मिनिटांतच चार्जर ‘फुल’ दाखवतो आणि गाडी दोन फेऱ्या मारून थांबते. आता रस्ते तीन: आहे तोच पॅक कामाला लावायचा, त्याच प्रकारचा नवा घ्यायचा, नाहीतर सरळ लिपोवर, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर जायचं. माझं मत आधीच सांगतो. गाडी जुनी असेल आणि स्पीड कंट्रोलरही (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) त्याच काळातला असेल, तर बहुतेकांनी मधला रस्ता धरावा. मात्र त्याआधी मल्टिमीटर घेऊन बसायला हवं, कारण दोष दुसरीकडेच असताना चांगला पॅक टाकून दिला जातो, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

दोष बॅटरीचाच आहे का?

चाकं हाताने फिरवून बघा. गिअरमध्ये कचरा, गंजलेलं बेअरिंग किंवा झिजलेले मोटरचे ब्रश असतील तर नवाकोरा पॅकही झटपट संपतो. मग गाडी दोन मिनिटं चालवून लगेच कनेक्टरला हात लावा. वायरपेक्षा कनेक्टर जास्त तापलेला असेल, तर ताकद तिथेच वाया जाते आहे. जुने पांढरे टामिया कनेक्टर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. आतल्या पिना सैल होतात आणि प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं.

वेग दिला की स्टिअरिंग थरथरतं, सिग्नल तुटल्यासारखा वाटतो, अशा वेळी संशय अँटेनावर जातो. पण थकलेल्या पॅकचं व्होल्टेज मोटर ओढायला लागताच इतकं खाली येतं की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. ट्रान्समीटरमधले सेलही याच वयाचे असतात, तेही तपासा.

आता पॅक. जुन्या गाड्यांत बहुधा निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येकी 1.2 व्होल्ट, एकूण 7.2. नुसतं व्होल्टेज मोजून काहीच कळत नाही, कारण मेलेला पॅकही भार नसताना 7.5 दाखवू शकतो. भार द्यायला हवा. मला यासाठी मोटारीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब सगळ्यात आवडतो. या पॅकवर तो साधारण सव्वा अँपिअर खेचतो. पॅकवरचं प्लास्टिकचं वेष्टण सेलच्या जोडपट्ट्यांपाशी जरा कापा आणि बल्ब पेटलेला असताना एकेका सेलचं व्होल्टेज मोजत राहा. पाच सेल 1.2 च्या आसपास ठाम आणि सहावा 1.0, 0.7, 0.3 असा घसरत शून्याखाली गेला, मीटरवर उणे चिन्ह आलं, तर गुन्हेगार सापडला. बाकीचे पाच त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलत असतात. तिथेच बल्ब काढा. सेल उलटा होऊ देणं म्हणजे त्याला कायमचा संपवणं.

सगळे सेल बरोबरीने खाली येत असतील, तर पॅक एकूण 6 व्होल्टवर येईपर्यंत किती वेळ लागला ते लिहून ठेवा. 3000 एमएएच (मिलिअँपिअर-तास, हे क्षमतेचं माप) चा धड पॅक हा बल्ब दोन तासांहून जास्त चालवतो. चाळीस मिनिटांत संपला, तर क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे.

जागवायचा असेल तर

चार्जर दहा मिनिटांत ‘फुल’ का म्हणतो? निकेलचे सेल पूर्ण भरले की त्यांचं व्होल्टेज शिखर गाठून किंचित खाली येतं आणि चार्जर त्या उतारावर थांबतो. बराच काळ पडून राहिलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, शिवाय प्रत्येक सेल वेगळ्या पातळीवर असतो, म्हणून सुरुवातीलाच व्होल्टेज वरखाली होतं आणि चार्जर फसतो. तेव्हा दहा मिनिटांचा हिरवा दिवा हा पॅक मेल्याचा पुरावा नाही.

उपाय संथ आहे. क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे 3000 एमएएचला 300 मिलिअँपिअरने, 14 ते 16 तास चार्ज करा. इतक्या कमी प्रवाहावर तो उतार नीट दिसत नाही, त्यामुळे चार्जर आपणहून थांबेल या भरवशावर राहू नका, टायमर लावा. या चार्जिंगमध्ये आधी भरलेले सेल जादा प्रवाह उष्णतेच्या रूपात सोसतात आणि मागे राहिलेले त्यांना गाठतात. मग बल्बवर रिकामा करा, नेहमीच्या वेगाने पुन्हा भरा, असं तीन-चार वेळा. दर वेळी बल्बचा वेळ वाढत असेल तर पॅक झोपलेला होता. जागेवरच अडकला असेल तर थांबा. मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत आलेला पॅक मी बिनधास्त वापरेन. निम्म्यावरचा पॅक फार तर हळू चालणाऱ्या गाडीत. हात लावून तापमानही बघत राहा: शेवटी सगळे सेल कोमट होणं ठीक, मध्येच एकच सेल चटका देत असेल तर तो गेलेला आहे.

यात कॅडमियमवाले सेल जास्त चिवट असतात. रिकामे पडून राहिले तरी बऱ्याचदा परत येतात. मेटल हायड्राइड पूर्ण रिकामे ठेवले तर कायमची क्षमता गमावतात. काही जण शून्य व्होल्टच्या कॅडमियम सेलला मोठ्या प्रवाहाचा झटका द्यायला सांगतात. आत वाढलेले स्फटिक त्याने जळतात हे खरं, पण त्यांनी सेलमधल्या दोन ध्रुवांमधल्या पडद्याला पाडलेलं भोक तसंच राहतं. सेल थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो, आणि झटका देताना फुटू शकतो तो वेगळाच. हे करू नका.

सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी दिसली तर जागवण्याचा विषयच संपला. आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आलेला असतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. गाडीतले कनेक्टर व्हिनेगरच्या ओल्या बोळ्याने पुसता येतात. वायर आतून काळी पडली असेल तर तिच्यावर सोल्डर धरत नाही, तुकडा बदलावाच लागतो.

आणि एकच सेल बदलायचा मोह? टाळा. नवा सेल ताजा, बाकीचे पाच थकलेले. पुढच्या काही फेऱ्यांत त्यांच्यातला दुसरा उलटा होतो.

नवा निकेल-मेटल हायड्राइड

यावर फार लिहावं लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. जुन्या खाचेत बसतो, स्पीड कंट्रोलरला फरक पडत नाही, पडून राहिला तरी जीव घेत नाही. अडचण चार्जरची असू शकते. मेटल हायड्राइडचा उतार कॅडमियमपेक्षा बारीक असतो. फक्त कॅडमियमसाठी बनवलेला चार्जर तो चुकवतो आणि पॅक तापवत बसतो. साधा मेटल हायड्राइड पॅक महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त चार्ज आपोआप गमावतो. सान्योने 2005 मध्ये एनेलूप आणल्यापासून कमी गळती असलेले सेल सर्रास झाले आहेत. क्वचित चालणाऱ्या गाडीला तसेच घ्या, एमएएचचा आकडा थोडा लहान असला तरी.

लिपो

चालवण्याची मजा म्हणाल तर लिपोला तोड नाही. दोन सेलचा पॅक 7.4 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 8.4. चार्जरवरून नुकताच काढलेला सहा सेलचा निकेल पॅकही तेवढ्याच जवळपास असतो, म्हणून ‘मोटर जळेल’ ही भीती नुसत्या व्होल्टेजमुळे नको. फरक असा की लिपोचं व्होल्टेज ओढ आली तरी वाकत नाही. मोटर सतत जोरात राहते आणि तापते, त्यामुळे ब्रशवाल्या जुन्या मोटरवर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) एखाद-दोन दात लहान लावावा. पॅक हलकाही असतो. मोठ्या सहा निकेल सेलचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातं.

किंमत शिस्तीत मोजावी लागते. प्रत्येक सेल 3 व्होल्टखाली गेला की नुकसान सुरू होतं, आणि जुन्या स्पीड कंट्रोलरला हे थांबवता येत नाही. मग बॅलन्स कनेक्टरवर (पॅकच्या प्रत्येक सेलला जोडलेला छोटा कनेक्टर) लावायचा अलार्म घ्या, 3.3 वर लावा, वाजला की गाडी थांबवा. चार्जर लिपोचाच हवा, प्रत्येक सेल 4.2 वर अचूक थांबवणारा. निकेलचा चार्जर व्होल्टेज खाली येण्याची वाट बघत भरत राहतो. लिपोत तो उतार येतच नाही, आग लागते. चार्जिंग चालू असताना खोली सोडू नका. ठेवताना प्रत्येक सेल 3.8 च्या आसपास ठेवा, पूर्ण भरून नाही.

जागवण्याचे प्रयोग फक्त निकेलसाठी आहेत. फुगलेला किंवा बराच काळ रिकामा पडलेला लिपो पुन्हा चार्जरला लावायचा नाही, एकदाही नाही.

मग कोणी काय घ्यावं?

दर आठवड्याला चालवणार असाल, चार्जर आणि स्पीड कंट्रोलर बदलायची तयारी असेल, तर लिपो घ्या. वर्षातून चार-सहा वेळा गाडी निघणार असेल, किंवा लहान मूल स्वतः कनेक्टर जोडणार असेल, तर कमी गळतीचा मेटल हायड्राइड. जुना पॅक जागवणं हे घरात चार्जर आहेच आणि सगळे सेल बरोबरीने उतरतात एवढ्याच अवस्थेत करण्यासारखं आहे, आणि तेव्हा ते जरूर करावं.

निकामी पॅकच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रावरच द्या. कॅडमियम विषारी आहे, आणि लिपो घरच्या कचऱ्यात चिरडला गेला तर पेट घेतो.